गाडीचा आवाज ओळखू या



आपल्या बऱ्याच घरी जुनी मोटरसायकल आहे. शंभर सीसीची, पंधरा-वीस वर्षं वापरलेली स्प्लेंडर म्हणा, नाहीतर तसलीच दुसरी. डेअरीवर दूध तिच्यावर जातं, बाजारात भाजी तिच्यावर जाते, आणि तिच्यासाठी कर्ज बहुतेक वेळा गटातून उचललेलं असतं. अशी गाडी आवाज करायला लागली, की गॅरेजमध्ये एकच वाक्य ऐकू येतं, "इंजिन काम करावं लागेल." म्हणजे हजारोंचा खर्च. कधी ते खरंही असतं. पण प्रत्येक आवाज इंजिन कामाचा नसतो, आणि जात्याचा, गिरणीचा, शिलाई मशीनचा बिघाड आपण आवाजावरूनच ओळखतो की नाही?

आधी गाडी बंद करा, न्यूट्रल करा आणि हाताने ढकलून बघा. तरीही खडखड येत असेल, तर दोष इंजिनात नाही. चेन सैल असेल, चेन कव्हरला घासत असेल, नाहीतर चाकाचं बेअरिंग गेलं असेल. ही तपासणी फुकट आहे.

मग इंजिन ऑइल. सपाट जागेवर, मधल्या स्टँडवर गाडी लावा. इंजिन बंद करून काही मिनिटं थांबा. ऑइलची काडी पुसून परत घाला. स्प्लेंडरमध्ये ती आटे न फिरवता नुसती टेकवायची. ऑइल खालच्या खुणेच्या खाली असेल तर आधी ते भरा. या इंजिनात ऑइल असतंच लिटरभर, त्यातलं थोडं जरी कमी झालं तरी सगळे भाग कोरडे वाजायला लागतात.

आता गाडी चालू करा. गोठ्यात किंवा बंद खोलीत नको, धूर विषारी असतो. पदर, ओढणी खोचून घ्या, केस बांधा, चेनपासून आणि सायलेन्सरपासून लांब राहा.

वरच्या बाजूला, हेडमधून एकसारखी बारीक टिकटिक येते ती टॅपेटची. थंड इंजिनावर टॅपेट सेट केले की भागतं. थोडी टिकटिक राहिली तरी चालेल; आवाज अजिबात नको म्हणून टॅपेट फार आवळून घेऊ नका, त्यात व्हॉल्व्ह जळतो. सिलिंडरच्या बाजूने डब्यात खडे हलवल्यासारखी खरखर, त्यातही रेस सोडताना जास्त, ही टायमिंग चेनची. ही मात्र लांबणीवर टाकू नका. चेन दात सोडून सरकली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळू शकतात. क्लच दाबल्यावर आवाज बदलला किंवा थांबला तर क्लचकडे बघायला सांगा. सायलेन्सर हेडला जोडतो तिथे फटफट आणि काळा डाग दिसला, तर पॅकिंग गेलंय, काम स्वस्तातलं.

दोन कॅन लादून टॉप गिअरमध्ये चढ चढताना कडकड येते, ती बहुतेक वेळा जास्त ओझ्याची. गिअर खाली घ्या. भावजींना आणि पोरांनाही हे सांगा, कारण गाडी बहुतेक तेच चालवतात!

सगळ्यात वाईट आवाज खालून येतो. जड ठकठक, ओझ्याबरोबर वाढणारी, इंजिन तापल्यावरही न जाणारी. ती कनेक्टिंग रॉडची असू शकते. तेव्हा "आजचा बाजार करून येऊ, मग बघू" असं म्हणू नका. गाडी तिथेच बंद करा आणि टेम्पोत घालून न्या. इथे इंजिन काम खरंच लागतं.

गॅरेजला जाताना कागदावर लिहून न्या, आवाज थंड असताना येतो की तापल्यावर, वरून की खालून, क्लच दाबल्यावर काय होतं. बदललेला जुना भाग परत मागून घ्या. मिस्त्री चांगला असेल तर त्याला राग येत नाही.

आणि गटातून जुन्या गाडीसाठी कर्ज द्यायचं असेल, तर गाडी थंड असताना बघायला जा. झिजलेल्या पिस्टनचा आवाज थंड इंजिनातच नीट कळतो, तापलं की दबतो. विकणाऱ्याने आधीच चालू करून ठेवली असेल, तर इंजिनजवळ हात नेला की ऊब कळेल. मग घाई करू नका. बंद करायला सांगा, चहा घ्या, गप्पा मारा, आणि पूर्ण गार झाल्यावर किक तुम्ही मारा.