तुरुंगातला शिपाई आणि आपण

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही गिरणी कामगार. शाळा सातवीपर्यंत, बाकीचं शिक्षण वाचनालयात आणि मोर्च्यात. तुरुंगावर बोलायला आम्ही कोण, असं कुणाच्या मनात येईल. नामांतराच्या आंदोलनात आठ दिवस आतली डाळ आम्हीही खाल्ली, पण आठ दिवसांच्या पाहुण्याला घराचं काय कळणार? आज सांगतो ते आमच्या शेजारच्या दादांचं. दादा जेलखात्यात शिपाई होते, आता निवृत्त आहेत. त्यांचं नाव सांगत नाही, तुरुंगाचंही नाही.

आमची रात्रपाळी संपायची आणि त्यांचीही. गॅलरीत चहा पिताना बोलणं व्हायचं. ते सांगायचे, संध्याकाळी बंदी होते, म्हणजे कैद्यांना बराकीत घालून, मोजून कुलूप लावायचं. एक डोकं कमी भरलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आकडा जुळेस्तोवर शिपाईसुद्धा आतच. आमचा भोंगा तरी वेळेवर वाजायचा.

आणि गर्दी किती! सरकारच्याच २०२२ च्या आकडेवारीत देशातल्या तुरुंगांची जागा ४ लाख ३६ हजारांची आणि माणसं ५ लाख ७३ हजार. त्यांत शंभरातले पंचाहत्तर कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबित झालेला नाही. खात्याच्या पाटीवर आता 'कारागृह व सुधारसेवा' असं लिहितात. दादा म्हणायचे, "एवढ्या माणसांत आम्ही मोजणी करायची की सुधारणा?"

पण खरी गोष्ट त्यांनी निवृत्तीनंतर सांगितली. एकदा एक नवा पोरगा आला, कच्चा कैदी, आपल्याच समाजाचा. रजिस्टर उघडून वरच्याने जात विचारली. पोराने सांगितली. "याला संडासाकडे लावा," असा हुकूम झाला. दुसऱ्या जातीचे दोघे त्याच दिवशी आले होते, ते स्वयंपाकघरात गेले. पोराने दादांकडे पाहिलं. दादांच्या खिशात बाबासाहेबांचा फोटो होता. "मी झाडू आणून दिला," दादा म्हणाले, आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. सुकन्या शांता या पत्रकार बाईंनी तुरुंगातल्या जातवार कामांवर लिहिलं होतं आणि याचिकाही त्यांनीच केली. कोर्टाने सांगितलं, जात बघून झाडूकाम किंवा स्वयंपाक देणारे तुरुंगाचे नियम घटनाबाह्य आहेत आणि रजिस्टरातला जातीचा रकाना काढून टाका. आम्ही कात्रण घेऊन दादांकडे गेलो. ते म्हणाले, "हे तेव्हा माझ्या हातात असतं तर..." आम्ही तडकून बोललो, "सतरावं कलम १९५० पासून तुमच्या हातात आहेच की!" दादा म्हणाले, "कलम होतं. नोकरी एकच होती."

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. आमच्याच गिरणधंद्यात साचेखात्यात आपल्या माणसाला घेत नसत, तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागे म्हणून. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात तो प्रश्न मांडला. त्याआधी किती चांगली माणसं शेजारच्या साच्यावर मान खाली घालून उभी राहिली असतील! दादांना आम्ही माफ केलं असं म्हणत नाही. ते पोराकडे मागायचं, आमच्याकडे नाही. पण त्यांना चहाला बोलावणं आम्ही सोडलं नाही.

तुरुंग वेगळाही असू शकतो. १९३९ साली औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत निघाली. तिथे भिंतीऐवजी विश्वास, आणि कैदी शेती करत राहतात. शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' त्याच प्रयोगावरून निघाला. तो जेलर पाहून दादा डोळे पुसायचे, आणि मग म्हणायचे, "त्याच्याकडे कैदी सहाच होते."

आता कामाचं. नव्या कायद्याचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ लक्षात ठेवा. पहिल्यांदाच अडकलेल्या माणसाने त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला बंधपत्रावर सोडायचं आहे, आणि कोर्टाकडे अर्ज करायची जबाबदारी तुरुंगाच्या अधीक्षकावर आहे. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्याला आणि एकाहून जास्त केसेस असलेल्याला हे लागू नाही. जुन्या केसेसना मात्र लागू आहे, असं सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं. शिवाय कोठडीतल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. सोनं गहाण टाकून दलालाला पैसे देऊ नका.

भन्तेजी अंगुलिमालाची गोष्ट सांगतात. आपण ती बोटांच्या माळेपाशी आणि प्रव्रज्येपाशी थांबवतो. पुढे तो श्रावस्तीत भिक्षेला गेला तेव्हा लोकांनी त्याला दगड मारले, डोकं फुटलं, पात्र फुटलं, चीवर फाटलं. आपल्या गल्लीतला एक पोरगा तीन वर्षांनी निर्दोष सुटून आलाय. त्याला नळावर कोण काय बोललं, ते आम्ही ऐकलेलं आहे.

येत्या रविवारी सकाळी दहाला दादा आणि आम्ही विहारात बसणार आहोत. बसूया, असं दादाच म्हणाले. ज्यांचं माणूस आत आहे त्यांनी केस नंबर, कलमं आणि अटकेची तारीख लिहून आणावी. ज्या माउलींना लिहिता येत नाही त्यांनी नुसतं यावं, लिहून आम्ही घेऊ. जयभीम.