स्लॅबच्या घराचे काय करायचे?



सावंतवाडी तालुक्यातले आरोंदा हे तेरेखोल नदीच्या काठावरचे गाव. पलीकडच्या काठाला गोव्याचा पेडणे तालुका लागतो. अशा गावात घराविषयी बोलायचे म्हणजे जुन्या कौलारू घराची थोरवी गायची, असा एक रिवाज पडून गेला आहे. तो बाजूला ठेवला पाहिजे. गेल्या काही दशकांत या किनारपट्टीवर जी घरे उभी राहिली, त्यांतली पुष्कळशी सिमेंट-काँक्रीटची, सपाट छपराची आहेत. मुंबईच्या पगारातून, गोव्यातल्या मजुरीतून, सोसायटीचे कर्ज काढून ती बांधली गेली. चिऱ्यांच्या घराबद्दल हळहळणे सोपे आहे. या उभ्या घरांचे काय करायचे, हा खरा प्रश्न आहे.

सपाट छपराचे घर कोकणात जन्मले नाही. ल कॉर्बुझिए या वास्तुशिल्पज्ञाने १९२०च्या दशकात युरोपात नव्या घराची जी सूत्रे मांडली, त्यांत खांबांवर तोललेले घर आणि वर सपाट गच्ची यांचा समावेश होता. पॅरिसजवळच्या प्वासी येथे १९३१ साली पूर्ण झालेला व्हिला साव्हॉय हा त्या विचाराचा आदर्श नमुना मानला जातो. ते छप्पर गळते, ही घरमालकिणीची तक्रार मात्र वर्षानुवर्षे चालू होती. युरोपातल्या पावसात जे छप्पर गळले, तेच वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या सिंधुदुर्गात आले. अनुदानातून, कंत्राटदाराच्या आराखड्यातून आणि ‘पक्के घर’ या सरकारी शब्दातून ते आले.

परंतु ज्यांनी ते स्वीकारले त्यांना नकलाकार म्हणणे अन्यायाचे ठरेल. कौलारू घर दर वर्षी शाकारावे लागते. तरुण माणसे मुंबईला गेल्यावर छपरावर चढणार कोण? माकडे कौले फोडतात, वाळवी वासे खाते, चांगले लाकूड परवडत नाही. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळात कौले आणि पत्रे उडाले, तेव्हा स्लॅबखाली झोपलेल्या कुटुंबाला तिची किंमत कळली. गरिबाच्या दृष्टीने स्लॅब म्हणजे सुरक्षितता आणि प्रतिष्ठा. ही निकड समजून न घेता केलेला पर्यावरणाचा उपदेश लोक ऐकणार नाहीत, आणि त्यांनी तो ऐकू नये.

तरीही स्लॅबचे दोष खरेच आहेत. दिवसभर ती ऊन पिते आणि रात्री ते खोलीत सोडते. खाऱ्या हवेतला क्षार काँक्रीटमध्ये शिरतो आणि आतली सळई गंजते. गंजलेले लोखंड फुगते, त्यामुळे छताचे पोपडे पडू लागतात. बांधताना खाडीची वाळू न धुता वापरली असेल, तर क्षार पहिल्या दिवसापासून घरातच असतो. म्हणजे जे घर ‘कायमचे’ म्हणून कर्ज काढून बांधले, ते पुढच्या पिढीच्या हाती दुरुस्तीचे बिल होऊन येते.

यावरचा उपाय लोकांनी स्वतःच शोधला आहे. कोकणात गावोगावी स्लॅबच्या वर पत्र्याची किंवा कौलांची उतरती शेड दिसते. सुशिक्षित माणूस तिला विद्रूप म्हणतो. वस्तुतः तिच्यामागचे तत्त्व पक्के आहे. खुद्द कॉर्बुझिएने अहमदाबादेत १९५६ साली पूर्ण झालेल्या शोधन यांच्या घरावर खोल्यांच्या छतापासून उंच, छत्रीसारखे दुसरे छत घातले. मधल्या पोकळीतून वारा खेळतो. मूळच्या गोव्याच्या घराण्यातले चार्ल्स कोरिया यांनी अहमदाबादेतच १९६०च्या दशकाच्या आरंभी ‘ट्यूब हाऊस’ बांधले; त्यात तापलेली हवा छपराच्या माथ्यावरून बाहेर पडे. नवी मुंबईत बेलापूरला १९८०च्या दशकात त्यांनी उभारलेल्या वसाहतीत प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र भिंतीचे, पुढे वाढवता येईल असे घर मिळाले. आधुनिक वास्तुविचार असा हवामानाकडून आणि माणसाकडून शिकत गेला. कोकणातल्या शेडला गरज आहे ती थोड्या शास्त्राची.

ते शास्त्र अवघड नाही. वरचे छप्पर स्लॅबपासून पुरेसे उंच, चारी बाजूंनी वारा जाईल असे आणि वादळात टिकेल अशा रीतीने खांबांना बोल्टांनी जखडलेले असावे. त्याची पावळी भिंतीबाहेर आली, तर पावसाची झड भिंतीवर येत नाही आणि खाली पडवी आपोआप मिळते. खिडकीवर झरोका ठेवावा, छताचे पोपडे काढून सळई वेळीच साफ करून घ्यावी. राहिले पाणी. पन्नास चौरस मीटर छपरावर ३००० मिलिमीटर पाऊस म्हणजे दीड लाख लिटर पाणी. त्यातले फक्त दहा हजार लिटर टाकीत साठवले आणि पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी दिवसाला चाळीस लिटर वापरले, तर ते अडीचशे दिवस पुरते. ज्या वाडीतल्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, तिथल्या बाईच्या डोक्यावरचा हंडा त्यामुळे उतरेल.

ते पाडून नवे ‘पर्यावरणस्नेही’ घर बांधणे हा श्रीमंती उपाय आहे. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंट उद्योगाचा वाटा सुमारे सात-आठ टक्के आहे. उभ्या घरातले सिमेंट भाजताना झालेला धूर हवेत गेला, तो परत येत नाही. म्हणून त्या घराचे आयुष्य तीस वर्षांनी वाढवणे हीच मोठी बचत. शिवाय हा पैसा गावातल्या गवंड्याला, सुताराला, लोहाराला मिळतो; सिमेंटचा आणि सळईचा पैसा गावाबाहेर जातो.

मग अडते कुठे? २०१६ साली सुरू झालेल्या ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेने किमान पंचवीस चौरस मीटरच्या नव्या घराला सपाट प्रदेशात एक लाख वीस हजार रुपये ठरवले. ज्याचे घर कागदावर पक्के आहे, तो मात्र यादीबाहेर राहतो, मग त्याच्या छताची सळई उघडी पडलेली का असेना. २०२४ सालच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या सौर संचाला अठ्ठ्याहत्तर हजारांपर्यंत अनुदान आहे. पण उरलेली रक्कम आणि घराची मालकी ज्याच्यापाशी आहे त्यालाच ते घेता येते. कोकणातली घरे सामाईक, सातबाऱ्यावर नावे दहा, त्यांतली सहा मुंबईत. जो घरात राहतो, त्याच्याकडे कर्जासाठी दाखवायला कागद नसतो.

दुसरीकडे, २०२३ पासून मोप्याचा विमानतळ सुरू झाला आहे आणि तो नदीपलीकडच्या पेडणे तालुक्यातच आहे. बाहेरचा पैसेवाला इथे जुने घर विकत घेईल, त्यावर देखणे छप्पर आणि सौर संच चढवील, वर्षातून पंधरा दिवस राहील, आणि त्या घराचे फोटो ‘शाश्वत घर’ म्हणून छापले जातील. ज्याने ते विकले तो शहरातल्या एका खोलीत राहायला जाईल. असल्या शाश्वततेत समाजवाद्यांना स्वारस्य असण्याचे कारण नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत तीन मागण्या लावून धरल्या पाहिजेत. उभ्या घराच्या दुरुस्तीला नव्या घराइतकाच अनुदानाचा अधिकार असावा. सामाईक घरात प्रत्यक्ष राहणाऱ्याला हिस्सेदारांच्या संमतीपत्रावर सहकारी कर्ज मिळावे. छताची तपासणी करू शकणारा प्रशिक्षित गवंडी प्रत्येक गावात असावा. मागण्या साध्या आहेत. घर कोणासाठी टिकवायचे, याचे उत्तर मात्र त्यांत आहे: जो त्यात बारा महिने राहतो, त्याच्यासाठी.