कागद उरतात, वाचणारे जातात

(मुंबईतील एका व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



मुंबईत बाहेरून येऊन स्थिरावलेल्या समाजांच्या इतिहासाचे जतन, हा आजचा विषय आहे. मुंबईचा इतिहास म्हटले की सात बेटे, पोर्तुगीज राजकन्येचे आंदण, किल्ला, गोदी, रेल्वे आणि कापडाच्या गिरण्या एवढे आपल्याला चटकन आठवते. परंतु या गोदीत जहाजे कोणी बांधली, गिरण्यांतील माग कोणी चालवले आणि ही माणसे कोणत्या गावांतून, कोणत्या कारणाने येथे आली, हे विचारले तर आपल्यापैकी बहुतेकांना मौन पाळावे लागेल. कोळी बांधव या बेटांचे जुने रहिवासी. बाकी आपण सारे कोणत्या ना कोणत्या पिढीत बोरघाट उतरून, खाडी ओलांडून किंवा समुद्रमार्गे येथे आलेले आहोत. म्हणून हा विषय 'त्यांचा' नाही, आपणा सर्वांचा आहे.

मराठीत या कामाचा पाया फार पूर्वी घातला गेला आहे. गोविंद नारायण माडगावकर यांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली प्रसिद्ध झाले. या शहरातील नाना जाती, त्यांचे पोशाख, व्यवसाय, देवळे आणि चालीरीती यांची नोंद त्यांनी आस्थेने केली. माडगावकर स्वतः गोव्यात जन्मलेले आणि बालपणीच मुंबईत आलेले. त्यांच्यानंतर १८८९ साली बाळकृष्ण बापू आचार्य आणि मोरो विनायक शिंगणे यांचा 'मुंबईचा वृत्तांत' आला. शहरात नव्याने आलेल्या माणसाने शहरातील साऱ्यांची दखल घ्यावी, ही आपली जुनी परंपरा आहे. ती मधल्या काळात क्षीण झाली.

ती क्षीण होण्याचे एक कारण आपल्या नजरेतून निसटते. कागद नाहीत म्हणून इतिहास हरवतो, असे आपण समजतो. वस्तुतः अनेक घरांत कागद आहेत, परंतु ते वाचणारा माणूस उरलेला नाही. आजच्या व्याख्यानात मला मुख्यतः हेच सांगायचे आहे.

शनिवार तेल्यांची मराठी

बेने इस्राएल समाजाचे उदाहरण घेऊ. फार प्राचीन काळी आपल्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळच्या नौगाव किनाऱ्यावर फुटले आणि वाचलेली मोजकी कुटुंबे कोकणात स्थायिक झाली, अशी या समाजाची परंपरा सांगते. त्यांनी तेलघाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना 'शनिवार तेली' हे नाव दिले. त्यांची आडनावे पाहा : पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर. रायगड जिल्ह्याचा नकाशाच जणू त्यांच्या नावांत उतरला आहे.

अठराव्या शतकात ही कुटुंबे मुंबईकडे वळली. कोणी पलटणीत शिरले, कोणी सुतारकामात, कोणी कचेरीत. पलटणीतील सॅम्युएल एझिकेल दिवेकर म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत पडले आणि सुटून आल्यावर कृतज्ञतेपोटी त्यांनी १७९६ साली मांडवी भागात प्रार्थनामंदिर बांधले. ते आजही उभे आहे. समाजात ते 'जुनी मशीद' म्हणून ओळखले जाई, आणि जवळच्या मशीद बंदर स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले, असे सांगितले जाते. रोज लाखो प्रवासी तेथून जातात. त्या नावामागे एका कोकणी यहुदी सुभेदाराची कहाणी असावी, हे त्यांच्यातील कितीजणांना ठाऊक असेल? महालक्ष्मीजवळच्या डॉ. ई. मोझेस मार्गाचेही तसेच. डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर हे याच समाजातले. १९३७ साली ते मुंबईचे महापौर झाले.

या समाजाने आपला धर्म जपला आणि मराठी आपली मानली. पुण्यात १८७४ साली त्यांच्या वल्हांडण सणाची पोथी हिब्रू आणि मराठीत छापली गेली. तिच्यातील चित्रात लुगडे नेसलेल्या स्त्रिया बेखमीर भाकरी करताना दिसतात. बायबलातील कथांवर मराठीत कीर्तने रचली गेली आणि ती पेटी-झांजांच्या साथीने होत. समाजाची मराठी नियतकालिके निघत. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ साली मुलांसाठी शाळा सुरू केली आणि पुढे समाजाचा सविस्तर इतिहासही इंग्रजीत लिहिला. लेखन १८९७ साली पूर्ण झाले, पण ग्रंथ छापून निघाला थेट १९३७ साली, तेल अवीवमध्ये. लेखक तो पाहायला हयात नव्हते.

१९४८ साली भारतात सुमारे वीस हजार बेने इस्राएल होते. इस्राएलच्या स्थापनेनंतर बहुसंख्य तिकडे गेले. येथे कोणी छळले म्हणून ते गेले नाहीत. आपल्या पुण्यभूमीच्या ओढीने गेले. तेथे मात्र त्यांच्या यहुदी असण्याविषयीच शंका घेतली गेली. त्यासाठी त्यांना आंदोलन करावे लागले आणि १९६४ साली इस्राएलच्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचा निर्वाळा दिला. दिमोना, लोद, अश्दोद अशा गावांत त्यांनी मराठी जपली. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक तेथून निघाले. परंतु नातवंडांची भाषा आता हिब्रू आहे. आजोबांची कीर्तनाची वही त्यांना वाचता येत नाही. ती वही वाचू शकणारे लोक कोठे आहेत? ते येथे, या सभागृहात बसलेले आहेत! त्या समाजाच्या इतिहासाची भाषा आपली मातृभाषा आहे, म्हणून ते जतन करण्याचे दायित्वही आपल्याकडे येते.

सिंधची वही, उल्हासनगरचे घर

दुसरे उदाहरण सिंधी बांधवांचे. फाळणीनंतर कराची, हैदराबाद, शिकारपूर येथून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत ठेवण्यात आले. १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले, पण आजही तेथे पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' असेच म्हणतात. छावणीचा शब्द पत्त्यात टिकून राहिला. छावणीतील दिवस मात्र फारसे लिहिले गेले नाहीत. ज्यांनी बराकीत गोणपाटाचा पडदा लावून संसार मांडला, ती पिढी आपल्या दुःखाविषयी बोलली नाही. तिने दुकाने काढली, कारखाने काढले, शाळा-महाविद्यालये उभारली. कराचीच्या महाविद्यालयातून आलेल्या प्राध्यापकांनी १९४८ साली मुंबईत जयहिंद महाविद्यालय सुरू केले, हे विस्थापितांच्या जिद्दीचे एक ठळक उदाहरण.

त्या पिढीचे हिशेब, पत्रे आणि रोजनिशा प्रामुख्याने अरबी वळणाच्या सिंधी लिपीत आहेत. सिंधी भाषेला १९६७ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. परंतु मुंबईतील तरुण सिंधी हिंदी आणि इंग्रजीत शिकला. घरातील ट्रंकेत आजोबांची वही आहे, तिच्यात सिंधमधील घर, शेजारी, प्रवास आणि वाटेत गमावलेली माणसे यांची हकीकत असू शकते, आणि नातवाला एक ओळही लागत नाही. १४ ऑगस्ट हा फाळणीच्या वेदनांचा स्मृतिदिन म्हणून २०२१ साली घोषित झाला, हे योग्यच झाले. पण स्मृतिदिन वर्षातून एकदा येतो आणि ती लिपी वाचणारी माणसे वर्षागणिक कमी होतात.

गिरणगावातील मंडळांच्या वह्या

मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची स्थापना १८५४ साली कावसजी दावर यांनी केली. पुढे रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर येथून माणसे आली; तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, उत्तरेतून भय्ये आले. एकेका गावच्या मंडळींनी मिळून खोली घेतली. पाळीप्रमाणे माणसे कामाला जात आणि पाळीप्रमाणेच झोपत. घरगुती खाणावळ चालवणाऱ्या बायांनी त्यांना जेवू घातले. गावमंडळाकडे वही असे : कोणी किती वर्गणी दिली, गावच्या देवळाला किती पाठवले, कोण आजारी पडून गावी गेला. मुंबईतला कामगार आणि कोकणातली आई यांच्यातील मनिऑर्डरीचा धागा या वह्यांत सापडतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, जमिनी विकल्या गेल्या, चाळींच्या जागी मनोरे उभे राहिले. इमारत रिकामी करताना माणसे भांडी आणि देव घेऊन गेली. वह्या बहुधा रद्दीत गेल्या. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातील माणसांच्या मुलाखतींचा ग्रंथ २००४ साली प्रसिद्ध केला, हे मोलाचे काम झाले. परंतु असे काम मंडळामंडळांत व्हायला हवे होते. तेलुगू विणकरांची तिसरी पिढी आज अस्खलित मराठी बोलते. आपल्या ज्ञातिसंस्थेचे तेलुगू इतिवृत्त मात्र तिला वाचता येईलच असे नाही. मराठी घरांनी तरी हसू नये. आपल्या पणजोबांची मोडीतली कागदपत्रे आपल्यापैकी किती जणांना वाचता येतात?

साखर विरघळली, नोंद उरली

पारशी समाज संजाणला आला तेव्हाची दुधात साखरेची लोककथा आपण मुलांना कौतुकाने सांगतो. त्या कथेला एक पुस्ती जोडायला हवी. पारशी या देशात साखरेसारखे विरघळले, पण त्यांनी आपली नोंद विरघळू दिली नाही. बमनजी बैरामजी पटेल यांनी एकोणिसाव्या शतकात 'पारसी प्रकाश' या गुजराती ग्रंथाचे काम हाती घेतले. समाजातील निधन, दानधर्म, अग्यारींची उभारणी अशा नोंदी त्यांनी तारीखवार लावल्या, आणि पुढच्यांनी ते खंड चालू ठेवले. १९१६ साली कामा प्राच्यविद्या संस्था स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत भारतातील पारशींची संख्या ५७,२६४ होती. एवढ्या छोट्या समाजाचा इतिहास आज तपशिलाने लिहिता येतो, याचे श्रेय त्या चिकाटीच्या नोंदींना आहे. त्यांच्याही नव्या पिढीचे गुजराती वाचन आटत चालले आहे, ही चिंता त्यांना आहेच.

एक शंका

काहीजण विचारतील, प्रत्येक समाजाचा वेगळा इतिहास जपत बसलो, तर एकात्मतेचे काय? शंका प्रामाणिक आहे. माझे उत्तर असे की, समरसता म्हणजे विस्मरण नव्हे. ज्याला आपण कोठून आलो हे ठाऊक असते, तोच कोठे पोहोचलो याचा आनंद मानू शकतो. सिंधी आजोबांची हकीकत मराठी मुलाने ऐकली, तर फाळणी त्याच्यासाठी पाठ्यपुस्तकातील दोन ओळी राहत नाही, शेजारच्या घरातली गोष्ट होते.

मात्र एक पथ्य पाळले पाहिजे. या समाजांचा इतिहास आपण केवळ आपल्या औदार्याचे प्रमाणपत्र म्हणून गोळा करू नये. 'आम्ही तुम्हाला आश्रय दिला' हे वाक्य वारंवार उच्चारले की समोरचा माणूस कायमचा पाहुणा होतो. त्यांच्या आठवणींत गोडवा असेल, तसा सलही असेल. छावणीत झालेली उपेक्षा, 'निर्वासित' म्हणून ऐकलेले टोमणे, चाळीत नाकारलेली खोली हेही त्यांना सांगू द्यावे आणि सांगतील तसेच लिहून घ्यावे. दुरुस्त केलेला इतिहास कोणाच्या उपयोगाचा नसतो.

आपण काय करू शकतो?

यासाठी मोठा निधी लागत नाही. आपल्या वस्तीत जुनी लिपी वाचणारे ज्येष्ठ शोधावेत आणि त्यांच्या शेजारी एक लिहिणारा तरुण बसवावा. ज्येष्ठांनी वाचावे, तरुणाने उतरवून घ्यावे. आठवड्यातला एक तास दिला तरी वर्षात एक वही पूर्ण होते. जुन्या छायाचित्रांतील माणसांची नावे, गाव आणि अंदाजे साल वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवावे. नावे सांगणारी व्यक्ती गेली की छायाचित्र मुके होते. मूळ कागद कोणाकडून नेऊ नयेत. घरातच, घरच्यांच्या संमतीने त्यांची प्रत करावी. जुन्या कागदाला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये, त्याने कागदाचे कायमचे नुकसान होते. स्वच्छ सुती कापडात, ओलीपासून दूर ठेवणे पुरेसे आहे. प्रती केवळ भ्रमणध्वनीत ठेवून थांबू नये. यंत्र बिघडले की सारे जाते. एक संच घरी, एक संस्थेकडे असावा. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून आणि राज्याचे पुराभिलेखागार १८२१ पासून आपल्या शहरात आहे. अशा संस्थांशी विचारविनिमय करून संग्रहाची कायमची सोय लावता येईल.

आणि गणेशोत्सव मंडळांनी, ज्ञातिसंस्थांनी, गृहनिर्माण संस्थांनी एक नियम करावा : इमारत पुनर्विकासाला देताना कपाटे रिकामी करण्यापूर्वी जुन्या वह्या, इतिवृत्ते, वर्गणीच्या याद्या वेगळ्या काढाव्यात. पाडकामाची तारीख ठरलेली असते. कागद वाचवण्याची तारीख तिच्या आधीची असली पाहिजे.

बंधु-भगिनींनो, गोविंद नारायणांनी ज्या मुंबईचे वर्णन लिहिले, ती मुंबई आज कोठेही दिसत नाही. तरीही आपण ती पाहू शकतो, कारण एका माणसाने फिरून, विचारून, लिहून ठेवले. आज उल्हासनगरात, मांडवीत, लालबागेत ज्या घरी जुनी वही वाचू शकणारे कोणी आहे, त्या घरी या रविवारी जावे. पुढच्या वर्षी जाऊ असे म्हणू नये.