बागेची पाटी आणि बिनतारी इंटरनेट



आपल्यापैकी पुष्कळजण कामानिमित्त शहरात जातात. कोणी दवाखान्यात जातो, कोणी कोर्टात, कोणी लेकीला भेटायला. काम व्हायला वेळ लागतो. मग घटकाभर सावलीत बसावे म्हणून माणूस बागेत शिरतो. खिशात मोबाईल असतो. स्टेशनात, बागेत फुकट इंटरनेट मिळते असे कोणीतरी सांगितलेले असते. अशा वेळी काय करावे आणि काय करू नये, हे आज आम्ही तुम्हाला सांगणार आहोत.

पहिल्याने बागेचे पाहू.

आपल्या गावाला गायरान असते. ते एकट्याचे नसते, सगळ्या गावाचे असते. म्हणूनच तेथे कोणी नांगर घालायचा नसतो. शहरातली सार्वजनिक बाग अशीच आहे. ती नगरपालिकेची किंवा महानगरपालिकेची, म्हणजे सर्वांची. बंगलेवाल्याचा तेथे जेवढा हक्क, तेवढाच धोतर नेसलेल्या शेतकऱ्याचा आणि लुगडे नेसलेल्या आजीबाईचा. तेव्हा दाराशी संकोचून उभे राहू नका. खुशाल आत जा. पण हक्क सगळ्यांचा, तसे नियमही सगळ्यांना.

हे नियम कोठे असतात? दाराजवळच्या पाटीवर. ती पाटी आधी वाचा. आता तुम्हाला वाचता येते. रखवालदाराच्या तोंडाकडे पाहण्याची गरज उरली नाही. बाग किती वाजता उघडते, किती वाजता बंद होते, सुट्टीचा वार कोणता, हे पाटीवर असते. मुंबईत भायखळ्याला राणीची बाग आहे. आता तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. १८६२ साली ती लोकांसाठी खुली झाली. एरवी ती बुधवारी बंद असते. मुलाबाळांना घेऊन, गाडीभाडे खर्चून बुधवारी गेलात, तर दारातूनच परत यावे लागेल. बागेला तिकीट असेल तर त्याचा दरही पाटीवर असतो. तेवढेच पैसे द्या आणि तिकीट मागून घ्या. तिकिटावाचून कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

बागेत फुले तोडू नयेत, फांद्या मोडू नयेत. गावात दातवणासाठी कडुलिंबाची काडी मोडली तर कोणी काही म्हणत नाही. शहरात झाडे थोडी, माणसे फार. हजारांनी एकेक काडी मोडली तर झाडाचा सांगाडा उरेल. शहरांतली झाडे राखण्यासाठी महाराष्ट्रात १९७५ साली कायदाच झाला आहे. परवानगीवाचून तेथे झाड तोडता येत नाही.

भाकरी बांधून नेली असेल आणि पाटीवर मनाई नसेल, तर सुखाने खा. मात्र कागद, साली कचरापेटीत टाका. प्लॅस्टिकच्या पिशव्यांना महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. कापडी पिशवी बरोबर ठेवा. पान खाऊन थुंकू नका. आणि मोबाईलवर मोठ्याने गाणी लावू नका. शेजारी कोणी दवाखान्यातून थकून येऊन बसला असेल, त्याला ती नको असतील.

आता बिनतारी इंटरनेट. त्याला वायफाय म्हणतात.

वायफाय म्हणजे काय हो? सोपे आहे. भिंतीवर एक लहान पेटी बसवलेली असते. तेथून तुमच्या मोबाईलपर्यंत इंटरनेट रेडिओसारख्या लहरींवर येते. या लहरी फार लांब जात नाहीत. चार भिंती आड आल्या की जोडणी तुटते.

जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्टेशनात रेल्वेने असे फुकट वायफाय सुरू केले. पुढे ते सहा हजारांहून अधिक स्टेशनांत गेले. त्याचे नाव रेलवायर. तेथे रोज पहिली ३० मिनिटे फुकट असतात. त्यापुढे पैसे पडतात. काहीजण म्हणतील, अर्धाच तास का? गावच्या नळाचे उदाहरण घ्या. नळ एक आणि घागरी पन्नास. एकीनेच पिंप भरायला घेतले तर बाकीच्यांनी काय करावे? वायफायचेही तसेच आहे. एकजण सिनेमा पाहत बसला, की दुसऱ्याला गाडीची वेळ पाहायलाही मिळत नाही.

वायफाय घेताना तुमचा मोबाईल नंबर मागतात. मग मोबाईलवर एक आकडा येतो. त्याला ओटीपी म्हणतात. तो भरला की जोडणी मिळते. ही कटकट कशाला, असे वाटेल. त्याचे कारण ऐका. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्या वेळी इंटरनेटवरून धमकीचे पत्र पाठवले गेले. पोलिसांनी माग काढला, तो नवी मुंबईतल्या एका घराशी पोचला. त्या घरातल्या वायफायला परवलीचा शब्द नव्हता. म्हणजे कुलूपच नव्हते म्हणा ना! दुसऱ्याच कोणीतरी ते वापरले, आणि पोलीस आले घरमालकाकडे. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये सरकारच्या दूरसंचार खात्याने सूचना काढल्या. वायफाय कोण वापरतो याची ओळख पटवली पाहिजे, असे ठरले.

यावरून एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. स्टेशनात एखादा अनोळखी मुलगा येतो. गोड बोलतो. “काका, माझ्या मोबाईलवर आकडा येत नाही. तुमचा नंबर टाकतो, आकडा आला की सांगा.” तुम्ही भोळेपणाने सांगता. मग तो मुलगा त्या जोडणीवर जे काही करील, ते तुमच्या नंबरावर लिहिले जाईल. कोऱ्या कागदावर अंगठा देऊन जमिनी गेलेली माणसे आपण पाहिली आहेत. ओटीपी सांगणे म्हणजे तसाच अंगठा देणे आहे. तो कोणालाही सांगू नका.

दुसरी गोष्ट. वायफायला कोणीही कोणतेही नाव देऊ शकतो. ठगसुद्धा आपल्या मोबाईलवरून स्टेशनच्या नावाचे खोटे वायफाय उघडू शकतो. म्हणून खरे नाव पाटीवर पाहा, किंवा तेथल्या कर्मचाऱ्याला विचारा. सार्वजनिक वायफायवर बँकेचा व्यवहार करू नका. गाडीची वेळ पाहा, बाजारभाव पाहा, बातमी वाचा. फुकट वायफायसाठी कोणी एटीएमचा किंवा यूपीआयचा पिन मागितला, तर ती चोरी समजा आणि तेथेच थांबा.

एवढे करूनही पैसे गेलेच, तर लाजून घरी बसू नका. लगेच १९३० या नंबरवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात. लवकर कळवले तर ते वाटेत अडवता येतात. उद्या सांगू म्हणाल तर पाखरू उडालेले असेल.

हे सारे शहरापुरतेच नाही, बरं का. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पीएम-वाणी नावाची योजना मंजूर केली. तिच्यात किराणा दुकानदार किंवा चहावालाही दुकानात असे वायफाय ठेवू शकतो. त्याला परवाना लागत नाही. उद्या आपल्या चावडीसमोरही ते येईल. तेव्हा नियमांची पाटी लागेल. वेळ किती, नंबर कोणी द्यायचा, ओटीपी कोणाला सांगायचा नाही, हे मोठ्या अक्षरांत लिहावे लागेल. ती पाटी शहरातून रंगवून आणू नका. ती तुम्ही स्वतःच्या हाताने लिहा.