मोटार-सायकलीचा मागचा चिमटा

रस्त्यानें जाणाऱ्या फटफटीकडे पाहणाऱ्याचें लक्ष तिच्या टाकीकडे, दिव्याकडे आणि विशेषतः आवाजाकडे जातें. मागचें चाक कशानें धरलेलें आहे, ही चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. वास्तविक बसणाराचा, त्याच्या मागें बसलेल्या माणसाचा आणि सामानाचा बराचसा भार त्या चाकावर असतो, आणि चाक जागेवर राहतें तें एका साध्या नळ्यांच्या सांगाड्यामुळें. त्याचें इंग्रजी नांव स्विंग-आर्म. गॅरेजांत त्यास चिमटा म्हणतात, आणि तें नांव यथार्थ आहे. स्वयंपाकघरांतल्या चिमट्याप्रमाणें त्यास दोन बाहू असतात. ते पुढें एका आडव्या नळीनें जोडलेले असून मागच्या टोकांत चाकाचा आंस धरलेला असतो. आडव्या नळींतून एक पोलादी दांडा जातो आणि त्याच्याभोंवतीं सगळा चिमटा दाराच्या बिजागरीसारखा वरखालीं हलतो. तें हलणें दोन्ही बाजूंचे शॉक-ॲब्सॉर्बर आवरून धरतात.

हा साधा दिसणारा अवयव सर्वमान्य होण्यास बराच काळ लागला. इंग्लंडांत फिलिप व्हिन्सेंट यांनीं १९२८ सालापासून आपल्या गाड्यांचें मागचें चाक स्प्रिंगांवर झुलतें ठेविलें होतें; पण पुष्कळ कारखानदार मागचें चाक सांगाड्यास घट्टच बसवीत आणि खड्ड्यांचा हिशेब बसणाराच्या पाठीवर सोडून देत. रेडिच येथील रॉयल एन्फिल्डची झुलत्या चिमट्याची बुलेट १९४९ मध्यें बाजारांत आली. पुढच्याच वर्षीं नॉर्टन कंपनीनें झुलत्या चिमट्याच्या नव्या सांगाड्यावर आइल ऑफ मॅनच्या शर्यती जिंकल्या. भारतीय सैन्यानें १९५२ मध्यें बुलेटची मागणी नोंदविली, १९५५ पासून मद्रासेस त्या गाडीची जुळणी सुरू झाली, आणि तेव्हांपासून बुलेट व तिचा चिमटा येथल्या मिस्त्रींच्या हातांत वाढला असें म्हटलें तरी चालेल.

आतां श्रोत्यांनीं असें समजावें कीं, पुण्याचे एक गृहस्थ आपल्या वडिलांच्या वेळची बुलेट घेऊन मनालीमार्गें लेहला जाऊन आले. गाडीच्या दोन्ही अंगांस पत्र्याच्या पेट्या, वर तंबू, त्यावर रॉकेलचा डबा. वाटेंत पावणेपांच हजार मीटरांहून उंच असा बारालाचा आणि पांच हजारांच्याही वर गेलेला टांगलांग हे घाट, व मधूनमधून रस्ता कसला, नुसती दगडगोट्यांची वाट. गाडीनें कुरकूर केली नाहीं. परत आल्यावर मात्र वळणावर मागचें चाक वाहवत असल्याचा भास होऊं लागला. हवा तपासली, आरे ताणले, चेन दोनदां सरळ केली. आठवड्यांत ती पुन्हां तिरकी. शेवटीं मिस्त्रीनें गाडी मुख्य स्टँडवर घेऊन चिमटा दोन्ही हातांनीं आडवा हलविला. बुशांत खेळ नव्हता. मग त्यानें चिंधीनें चिखल पुसला, आणि उजव्या बाहूचा आडव्या नळीशीं जेथें सांधा आहे तेथें रंगावर केसाएवढी तांबूस रेघ दिसली.

अशी रेघ म्हणजे केवळ रंगाची भेग असूं शकते, अथवा धातूचा तडाही असूं शकतो. निवाडा करण्याची एक जुनी युक्ति आहे. रेल्वेच्या कारखान्यांतून ती फार काळ चालत आलेली आहे. जागा घासून लखलखीत करावी, रॉकेल लावून थोडा वेळ राहूं द्यावें, कोरडें पुसावें आणि वर खडूची पूड चोळावी. तडा असल्यास आंत शिरलेलें रॉकेल बाहेर झिरपतें व पांढऱ्या पुडींत काळी रेषा उमटते. ह्या गाडीवर ती पांच मिनिटांत उमटली, आणि रंगावर दिसत होती त्याच्या दुप्पट लांब निघाली.

गृहस्थांचा पहिला प्रश्न सर्वांचा असतो तोच. "मिस्त्री, वेल्डिंग मारून द्या ना. रविवारीं मुलीला मागें बसवून दापोलीला जायचं आहे."

"मुलीला मागं बसवून म्हणालात, साहेब, म्हणूनच नाहीं मारत," मिस्त्री म्हणाला.

हें उत्तर पुष्कळांस हट्टाचें वाटतें. पण त्यामागें जें शास्त्र आहे तें माणसांचे जीव गमावून शिकलेलें आहे. १८४२ सालीं व्हर्सायहून पॅरिसकडे जाणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आंस मोडला आणि त्या अपघातांत पन्नासांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. आंस अनेक दिवस तोच भार वाहत होता, मग त्याच दिवशीं कां मोडावा? पुढें जर्मनींत ऑगस्ट व्होलर ह्या रेल्वे अभियंत्यानें वर्षानुवर्षें प्रयोग करून दाखविलें कीं, एका वेळीं सहज पेलवतो असा भार लाखों वेळां येत-जात राहिला, तर तेवढ्यानेंही लोखंड मोडतें. धातु थकतो. कोठेंतरी, बहुधा सांध्याच्या कडेला, सूक्ष्म चीर पडते, आणि प्रत्येक धक्क्यास ती किंचित् पुढें सरकते. बाहेरून कांहीं दिसत नाहीं. उरलेला भाग भार पेलण्यास अपुरा झाला कीं तो एकदम तुटतो. मोटार-सायकलीच्या चिमट्यांत त्या क्षणीं चाक एका बाजूस कलतें, चेन उतरते किंवा अडकते, आणि पुढें काय होईल तें बसणाराच्या हातीं राहत नाहीं.

वर वेल्डिंगचा थर दिल्यानें खालचा तडा तसाच राहतो. तो पुरता कोरून काढला, टोंकाशीं भोंक पाडून त्याची वाढ थांबविली, तरी ज्योतीच्या उष्णतेनें सभोंवारच्या धातूचा गुण पालटतो व नळी अर्ध्या-एक मिलिमीटरनें वांकडी होते. पुढें तेवढेंच वांकडेपण चाकापाशीं मोठें होऊन दिसतें. लेहच्या बाजारांत पट्टी ठोकून घरापर्यंत येणें निराळें. तेथें दुसरा इलाज नसतो, आणि सावकाश, ओझें उतरवून यावें लागतें. ज्या परदेशी गाड्यांचे भाग मिळेनासे झाले आहेत त्यांच्या बाबतींत साच्यांत धरून सांधणारा जाणता कारागीरही शोधावा लागतो. बुलेटचा चिमटा बाजारांत मिळतो. मग वाद कशास?

काम अवघड नाहीं, पण उतावळ्याचें नव्हे. गाडी स्टँडवर घेऊन इंजिनाखालीं लांकडी ठोकळे द्यावे. चाक, चेन, ब्रेकचा गज व दोन्ही शॉक-ॲब्सॉर्बर उतरवावे. कोणता वायसर कोणीकडचा याचें छायाचित्र हल्लीं खिशांतल्या फोननें काढतां येतें. ही सोय जुन्या मिस्त्रींस नव्हती व त्यांच्यापैकीं निम्मे तरी ह्याच ठिकाणीं चुकत. खरी कसोटी मधल्या दांड्याची. वीस वर्षांचा गंज त्यानें धरलेला असतो. रात्रभर तेल सोडून ठेवावें, नट दोन आटे राखून ढिला करावा म्हणजे आटे चेपत नाहींत, आणि पितळी सुंबा लावून ठोकावें. येथें घण उचलणारा मनुष्य चिमटा वांचवीत नाहीं, सांगाड्याचे कान मात्र वांकडे करतो.

नवा चिमटा नवा आहे म्हणून सरळ असेलच असें नाहीं. पुढच्या नळींत एक सरळ गज आणि मागच्या खांचांत दुसरा घालून दोन्ही समांतर आहेत कीं नाहींत तें दुरून डोळा लावून पाहावें. बुश हातोडीनें न ठोकतां शेगड्यांत दाबून बसवावे. बुश धातूचे असतील तर भरपूर ग्रीस. रबराचे असतील तर एक गोष्ट ध्यानांत ठेवावयाची: दांड्याचा नट शेवटचा आवळण्यापूर्वीं गाडी चाकांवर उतरवून तिच्यावर माणूस बसवावा. चाक अधांतरीं असतांना नट आवळला तर रबर पुढें सदैव पिळलेलें राहतें आणि वर्षभरांत फाटतें. ही चूक इतकी सर्रास आढळते कीं नव्या भागास विनाकारण दोष मिळतो.

चेनीला दोन-तीन सेंटिमीटर ढील ठेवून मिस्त्रीनें सुताची दोरी घेतली. ती मागच्या टायरभोंवतीं घालून दोन्ही बाजूंनीं पुढच्या चाकापर्यंत ताणली. दोरी मागच्या टायरच्या पुढच्या व मागच्या अशा दोन्ही कडांस टेकली पाहिजे, आणि पुढच्या टायरपासून तिचें अंतर दोन्हीकडे सारखें असलें पाहिजे. पहिल्या वेळीं डावीकडे तीन मिलिमीटर कमी भरलें. त्यानें खांचेंतला बोल्ट पाव फेरा फिरविला आणि पुन्हां दोरी ताणली. गृहस्थ घड्याळ पाहूं लागले होते, ते ओळखून तो एवढेंच म्हणाला, "शंभर किलोमीटर झाले कीं परत आणा. सगळे नट पुन्हां पाहायचे आहेत."

जुना चिमटा भंगारांत गेला तर रंग लावून कोणास तरी विकला जाण्याचा संभव. म्हणून मिस्त्रीनें तो शेगड्यांत धरला आणि नुसत्या हातांनीं दाब दिला. तड्याच्या जागीं तो काडकन् मोडला. तुटलेल्या नळीची कडा त्यानें पुसून गृहस्थांपुढें केली. घेराचा बहुतेक भाग तपकिरी, गुळगुळीत आणि अर्धवट गंजलेला होता. पोलादाचा ताजा, खरखरीत, चकचकीत भाग उरला होता तो करंगळीच्या पेराएवढा.

गृहस्थांनीं तो तुकडा हातांत घेऊन बराच वेळ पाहिला. मग वर्तमानपत्रांत गुंडाळून घरीं नेला.