क्षयरोग्याला सोबत हवी
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी वैद्य नाही आणि वक्ताही नाही; मॅट्रिक होऊन शाळामास्तर झालेला व आता निवृत्त असलेला एक सामान्य मनुष्य आहे. चिटणीसांनी आरोग्यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा पुस्तकातले सांगण्यापेक्षा स्वतः सोसलेले सांगावे, असे मी ठरविले.

२०१८ साली मला फुप्फुसाचा क्षय झाला. खोकला दोन आठवडे उलटले तरी हटत नव्हता, वजन घटत होते; पण मी खडूच्या धुळीलाच दोष देत राहिलो. थुंकीच्या तपासणीत निदान झाले. पहिले दोन महिने चार औषधे व पुढील चार महिने तीन, अशी चिकित्सा सुरू झाली. औषधे सरकारी दवाखान्यातून विनामूल्य मिळाली. उणीव होती ती निराळ्याच गोष्टीची. लघवीला केशरी रंग आला, तेव्हा रक्तच जात आहे या भयाने मी रात्रभर जागा राहिलो. तो रिफॅम्पिसिन या औषधाचा निरुपद्रवी रंग होता; परंतु हे मला कोणी अगोदर सांगितले नव्हते. घरात माझा पेला निराळा ठेवला गेला. त्यात दुष्टपणा नव्हता, भीती होती. तरी तो पेला मला खोकल्याहून अधिक बोचला. वस्तुतः क्षय पेल्याताटातून पसरत नाही. रोग्याच्या खोकण्याशिंकण्यातून हवेवाटे पसरतो.

मी बरा झाल्यावर आपल्याच ज्ञातीतील एका सद्गृहस्थांनी मला घरी बोलाविले. त्यांच्या कन्येला क्षय झाला होता आणि तिच्या विवाहाची बोलणी चालू होती. दोन महिन्यांत खोकला थांबला, तशा तिने गोळ्या सोडल्या. मी पडलो मास्तर! अर्धा तास उपदेश केला. मुलगी मान खाली घालून ऐकत राहिली. गोळी मात्र तिने घेतली नाही.

दुसऱ्या खेपेस मी उपदेश बाजूस ठेवला आणि माझ्या त्या रात्रीची व निराळ्या पेल्याची हकीकत सांगितली. तेव्हा ती प्रथमच बोलली. "गुरुजी, गोळीने मळमळते. शिवाय पाहुण्यांच्या दृष्टीस पडली तर? आई म्हणते, लपव."

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासमवेत दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तिला पुन्हा तपासले, मळमळीवर उपाय सांगितला आणि चिकित्सा मार्गी लावली. पुढे रोज सायंकाळी मी चौकशी करीत असे. ती पूर्ण बरी झाली. वडिलांनी मुलाकडच्यांना सर्व खरे सांगितले, आणि ते स्थळ मोडले. मोडणारे घरही आपल्याच ज्ञातीतले, हे सांगताना मला खेद होतो. ती मुलगी मात्र खचली नाही; आज ती स्वतः इतर रोग्यांच्या घरी जाऊन धीर देते.

बंधुभगिनींनो, अर्धवट सोडलेल्या औषधाने जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि मग चिकित्सा अधिक कठीण होते. म्हणजे आपण लाजेपोटी जे लपवितो, ते घराच्याच मुळावर येते. रोग्याला दूर लोटण्याचेही कारण नाही. घरी राहून औषध घेणारे रोगी आरोग्यधामातील रोग्यांप्रमाणेच बरे होतात व त्यामुळे घरच्यांचा धोका वाढत नाही, असे मद्रास येथील अभ्यासाने पूर्वीच दाखविले आहे.

ज्याने सोसले त्याने सोसणाऱ्याजवळ बसावे, एवढेच माझे मागणे आहे. आधी ऐकावे, मग बोलावे. आपला अनुभव सांगावा; पण औषध बदलण्याचा सल्ला कदापि देऊ नये, तो डॉक्टरांचा अधिकार आहे. रोग्याचे नाव त्याच्या अनुमतीवाचून चारचौघांत काढू नये.

प्रत्येक गावी असे दोघे-तिघे तरी पुढे यावेत, आणि क्षयातून बरे झालेल्या मुलामुलींची स्थळे त्या एका कारणासाठी नाकारणार नाही, असा निश्चय आपण आज येथेच करावा. माझे नाव मी पहिले लिहून देतो.