खुडूक कोंबडी आणि वैशाखातली अंडी
(वसंत व्याख्यानमाला, शिरपूर जैन)



अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या गावात कोंबडीच्या अंड्यावर बोलायचं म्हणजे जरा धाडसच. पण विषय पिल्लू होणाऱ्या अंड्याचा आहे, आणि जीव जगवण्याची गोष्ट या गावाला परकी नाही.

२०१९च्या पशुगणनेनुसार देशात परसात पाळलेले कोंबड्यांसारखे पक्षी ३१ कोटींहून अधिक होते. आधीच्या गणनेपेक्षा सुमारे ४६ टक्क्यांनी जास्त. वाशिम जिल्ह्यातल्या खेड्यांतही मजुरी करणाऱ्या बाईच्या घरी चार-पाच गावरान कोंबड्या दिसतात. लुगडं, औषध, वही-पेन असा बारीकसारीक खर्च त्यांच्यावर निघतो.

गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. मग ती टोपल्यातून उठत नाही, पिसं फुगवते, हात नेला की टोचते. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन वाढतं आणि अंडी थांबतात. छातीखालची पिसं झडून उघडी पडलेली कातडी थेट अंड्याला टेकते. या बसण्यापायी तिची अंडी वर्षाला साधारण पन्नास-साठच भरतात. लेगहॉर्न कोंबडी तीनशेच्या घरात जाते, कारण पिढ्यान् पिढ्या निवड करून तिच्यातला खुडूकपणा जवळजवळ काढून टाकला आहे. गिरिराज, वनराज या सुधारित जातीही सहसा बसत नाहीत. त्यांची अंडी उबवायची तर यंत्र हवं, नाहीतर शेजारणीची गावरान कोंबडी.

बसवल्यापासून एकविसाव्या दिवशी बारा अंड्यांतली पाचच फुटली, की बोल कोंबडीला लागतो. नाहीतर कोंबड्याला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मात्र बरंचसं नुकसान कोंबडी अंड्यांवर बसण्याआधीच झालेलं असतं.

फळलेलं अंडं बाहेर पडतं तेव्हा त्यातल्या गर्भाची वाढ सुरू झालेली असते. गारव्यात ती थांबते. एकवीस-बावीस अंशांच्या वर पारा गेला की ती हळूहळू पुन्हा चालू होते, आणि नीट वाढीला साडेसदतीस अंशांच्या आसपासची सलग ऊब लागते. आता वैशाखातलं टिनाचं घर पाहा. बाहेर चाळीसच्या वर, आत त्याहून जास्त. फळीवर रोज एक अंडं जमा होतंय. दुपारी गर्भ वाढू लागतो, पहाटे मंदावतो, दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. असे आठ-दहा दिवस काढून तो मरतो. तेच अंडं मग कोंबडी इमानानं तीन आठवडे उबवते.

उपाय घरातच आहे. पाण्याच्या माठाखाली वाळू असते. ती ओली ठेवून शेजारी मडक्यात अंडी ठेवावीत, टोकदार बाजू खाली. प्रत्येकावर पेन्सिलीनं तारीख घालावी आणि सात दिवसांपेक्षा जुनं अंडं बसवू नये. अंडी धुऊ नयेत. कवचावरचा पातळ थर निघाला की जंतूंना वाट मिळते. एका कोंबडीखाली दहा-बारा पुरेत. त्याहून जास्त ठेवली तर कडेची गार पडतात. शक्य असेल तर बसवायचं काम पौष-माघातच उरकावं.

टोपल्यात तणस, खाली थोडी राख. कोंबडी रात्री बसवली की बुजत नाही. सातव्या रात्री अंधारात अंड्यामागे बॅटरी धरावी. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव आहे; सगळं स्वच्छ पिवळं दिसलं तर अंडं वांझ, ते काढावं. अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावू नये. पिल्लू कवच फोडायला वेळ घेतं, तेव्हा सोलून मदत केली तर रक्तस्राव होऊन ते मरू शकतं.

कोंबडीचे हालही कमी नाहीत. दिवसातून एकदाच, पंधरा-वीस मिनिटं ती उठते, खाते, पाणी पिते, शिटते. या काळात ती रोडावते आणि उवांना आयती सापडते. राखेत लोळायला जागा दिली की बरं. बांगलादेशात बायका ‘हाजल’ नावाचं मातीचं घरटं वापरतात. त्याला दाण्याची आणि पाण्याची वाटी जोडलेली असते, त्यामुळे कोंबडीला दूर जावं लागत नाही.

काही घरांत वीज कडाडली की अंडी नासतात असं मानून टोपल्यात लोखंडाचा तुकडा ठेवतात. पावसाळ्यात अंडी नासतात हे खरं, पण कारण ओल आणि घाण हे असतं. टोपलं कोरडं ठेवलं तर लोखंडाची गरज नाही.

एकदम तीन कोंबड्या खुडूक झाल्या तर काय? नाकात पीस खुपसणं, पाण्यात बुडवणं, उलटं टांगणं हे जुने उपाय शुद्ध छळ आहेत. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा १९६०चा कायदा कोंबडीलाही लागू आहे. तिला खालून हवा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात, उजेडात, दाणापाणी देऊन तीन-चार दिवस ठेवलं की बहुतेक वेळा खुडूक मोडते आणि काही दिवसांनी ती पुन्हा अंड्यावर येते.

मात्र तिघींनाही एकाच रात्री बसवलं तर फायदा वेगळाच. सातव्या रात्री वांझ अंडी काढल्यावर उरलेली दोघींखाली मावतात आणि तिसरी मोकळी होते. पिल्लंही एकाच दिवशी निघतात, आणि लशीसाठी तेच सोयीचं. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लासोटा लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात. तिची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची असते आणि विरघळवल्यावर काही तासांतच संपवावी लागते. आठ पिल्लांसाठी ती कुणी फोडत नाही, म्हणून परसातली पिल्लं बिनलसीची राहतात आणि मरतात. एका गल्लीतल्या दहा घरांनी एकच रात्र ठरवली, तर एका कुपीत सगळ्यांचं भागतं. बचत गटाच्या बैठकीत ती रात्र ठरवता येईल. एकविसावा दिवस कुठला, हे जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कोंबड्या बसवल्या त्याच आठवड्यात कळवावं, म्हणजे लस बर्फात ठेवून आणायची सोय वेळेवर होईल.